किल्ली धरणारी

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती ‘अनोळखी’ या एका शब्दाने. बाकीचं वाक्य तिने गिळलं असतं. सकाळी टेस्टिंगच्या खोलीतल्या तिच्या टेबलावर पाकीट आलं होतं, वर साहेबांच्या तिरक्या अक्षरात ‘बाई, वाचून तीन वाजता या, सही लागेल’, आणि आत बत्तीस पानांचा अहवाल, गुळगुळीत कागदाचा. चष्मा पुसून तिने सतरावं पान उघडलं, कारण तिथे कुणीतरी पिवळी खूण केली होती. ‘विद्युत कंपनीतील एका ज्येष्ठ महिला कर्मचाऱ्याने अनोळखी व्यक्तीस दूरध्वनीवर चाळीस सेकंदांच्या आत पासवर्ड सांगितला. पासवर्ड : घरातील मुलाचे टोपणनाव व सलग तीन अंक. दर्जा : अत्यंत कमकुवत.’ खाली, जिथे अहवाल करणाऱ्याचं नाव असतं तिथे, तिच्या भाच्याची सही होती. ती सही तिनेच त्याला बसवून शिकवली होती, नववीत असताना, बँकेचा पहिला फॉर्म भरायचा होता म्हणून. शेवटच्या अक्षराची शेपटी जरा लांब ओढ, म्हणजे कुणाला नक्कल करता येत नाही, असं तीच म्हणाली होती. शेपटी अजून तशीच लांब होती.

तिने पान मिटलं आणि समोरच्या ट्रान्सफॉर्मरकडे पाहिलं. तो तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात उभा होता, तेलाचा वास सोडत, निर्विकार. आज त्याची चाचणी होती. खोलीतली दहा माणसं तिच्या हाकेची वाट पाहत होती. थोडा वेळ थांबा, एवढंच ती म्हणाली. बाई थांबा म्हणाल्या म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे ओळखून ती दहाही जणं आपापल्या जागी उगाच काहीबाही पुसत राहिली.

मालक एकच, पण कंपन्या दोन, मध्ये एक भिंत. भिंतीच्या अलीकडे हिचा कारखाना, ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी करणारा: तांब्याची तार, लोखंड, तेल, वॉर्निश, कोपरापर्यंत काळे हात. पलीकडे वीसेक वर्षांपूर्वी उभी राहिलेली इलेक्ट्रॉनिक्सची, विजेच्या मीटरात बसणारे बोर्ड करणारी: पांढरे डगले, मनगटाला पट्टी, आणि अशी शांतता की कुणी शिंकलं तरी माफी मागावी. अलीकडची माणसं पलीकडच्यांना ‘दवाखाना’ म्हणत, पलीकडची अलीकडच्यांना ‘लोहारशाळा’. मागच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या कारखान्यात चोरांनी कुठून तरी शिरून सगळे कॉम्प्युटर एका झटक्यात बंद पाडले आणि उघडायचे तर पैसे टाका म्हणाले, तेव्हापासून मालकाची झोप उडाली होती. त्याने बाहेरची कंपनी बोलावली. दोघांची तुलना करा, कुठे धोका जास्त ते सांगा. जिथे कमी तिथे दोन्हीकडची चाचणीची सगळी नोंद जाईल, टेस्टिंगही तिकडेच जाईल. म्हणजे धोका अलीकडे जास्त ठरला तर हिच्या खोलीला टाळं, आणि दहातल्या आठांची, जे कंत्राटावर होते त्यांची, सुट्टी. स्वतः तिची निवृत्ती तीन महिन्यांवर आली होती. तिला कुणी काढणार नव्हतं. तिच्या सहीने बाकीच्यांना काढणार होते, आणि हेच तिच्या डोक्यात भणभणत होतं.

चाळीस सेकंद. तिने मनात तो फोन पुन्हा लावला आणि घड्याळ घेऊन मोजला. ‘मावशी, मी बोलतोय’ हे एक सेकंद. ‘बोल रे राजा’ हे दुसरं. मग गुडघा कसा आहे. गुडघ्यानेच बारा-पंधरा सेकंद खाल्ले असणार, कारण जिना चढताना कसा कुरकुरतो ते तिने सविस्तर सांगितलं होतं आणि तो ‘अगंबाई’ म्हणाला होता, लहानपणापासून तो असा म्हणे आणि तिला हसू येई. मग म्हणाला, ‘मावशी, तुझ्या त्या टेस्टिंगच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड काय गं?’ ‘कशाला रे?’ ‘अगं, तुमच्याकडचंच काम आलंय ना माझ्याकडे, बघायचंय जरा.’ आणि ती हसत म्हणाली होती, ‘तुझंच नाव आहे. बारक्या, आणि पुढे एक दोन तीन.’ तोही हसला होता. मोठ्याने. ते हसणं चाळिसांत धरलं होतं की नाही? हसून झाल्यावर त्याने फोन ठेवला, आणि ठेवल्यावर, केव्हातरी, शांत हाताने टाइप केलं : अत्यंत कमकुवत.

बारक्या. सातव्या महिन्यात जन्मला, हातात घेतला तर चपलेएवढा. त्याची आई, हिची थोरली बहीण, तो नऊ वर्षांचा असताना गेली. बाप पाळीवर असायचा, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, तेव्हा पोर हिच्याकडेच जेवलं, हिच्याकडेच झोपलं, तापाने फणफणलं ते हिच्याच मांडीवर. तिने लग्न केलं नाही याची कारणं लोक निरनिराळी सांगत. तिच्या लेखी कारण असं काही नव्हतं, वेळ मिळाला नव्हता इतकंच. पोराला पहिला कॉम्प्युटर तिने घेऊन दिला होता, बोनसमधून. तो खोलून ठेवायचा आणि ती ओरडायची, आधी पिन काढ, मग हात घाल! आधी पिन काढ! हे वाक्य तिच्या तोंडी इतकं बसलं होतं की आजही कुणी मिक्सरमध्ये बोट घातलं तर ती तसंच ओरडे. आणि त्या पोराने आपल्या अहवालात स्वतःला ‘अनोळखी व्यक्ती’ लिहिलं होतं. चोर म्हणाला असता तरी चाललं असतं. चोर निदान माहितीचा असू शकतो.

आपली चूक नाही असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही, आणि राग त्यामुळेच जास्त जाळत होता. सांगितलाच होता तिने. तो कॉम्प्युटर जुना, चाचणीच्या यंत्राचा प्रोग्राम दुसऱ्या कशावर चालत नाही म्हणून अकरा वर्षं तसाच ठेवलेला. पासवर्ड कधी बदलला नाही, कारण तो कुठे जोडलेलाच नव्हता. चोराला यायचं तर दारातून यावं लागलं असतं, आणि दारात पहारेकरी होता. मग मागच्या वर्षी मालकाला घरबसल्या मोबाइलवर आकडे बघायची हौस आली आणि दोन पोरांनी येऊन भिंतीतून एक निळी वायर ओढली. कुणी तिला म्हणालं नाही की बाई, आता दार बदललंय. तरी तिला कळायला हवं होतं. जिने उभा जन्म एक किल्ली म्हणजे काय हे ओळखण्यात घालवला तिला हे कळायला हवं होतं.

कारण या खोलीत एक रीत होती. पिंजऱ्यात शिरण्याआधी मुख्य स्विचचा दांडा खाली ओढून वीज तोडायची, ती कुणी चालू करू नये म्हणून दांड्यावर आपलं लाल कुलूप लावायचं. आत अंगावर धातू चालत नाही, घड्याळ नको, नाणं नको, किल्लीही नको. म्हणून किल्ली बाहेरच्या एकाच्या हातात द्यायची. कुणाच्या, ते आत जाणाऱ्याने ठरवायचं. त्याला म्हणायचे किल्ली धरणं. आणि ज्याने किल्ली धरली त्याने आतला माणूस बाहेर येऊन समोर उभा राहीपर्यंत जागेवरून हलायचं नाही. तहान लागो, लघवीला लागो, घरून निरोप येवो. नवीन माणसाला वर्षभर कुणी किल्ली देत नसे. तिला पहिल्यांदा मिळाली ती भावोजींची, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. ते याच खोलीत फिटर होते, आणि ती सहा महिन्यांची नवखी, आकडे उतरवून घेणारी. नेहमीचा माणूस जेवायला गेलेला. भावोजींनी खोलीत एकदा नजर फिरवली आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. म्हणाले, ‘धर. मी येईतो तुझा बाप आला तरी देऊ नकोस.’

बाप नाही, फोरमन आला. पाहुणे आलेत, वीज चालू करून दाखवायचीय, किल्ली दे. ती म्हणाली, आत माणूस आहे. फोरमनने पिंजऱ्यात पाहिलं. भावोजी टाकीच्या मागे वाकलेले, दिसत नव्हते. ‘कुठाय माणूस? दे इकडे.’ तिने हाका मारल्या, पण शेजारी पंखा घरघरत होता. त्याने तिचं मनगट धरून पिरगळलं. तिला अजून आठवतं, त्या पिरगळण्यात राग नव्हता, घाई होती. आणि तिने दुसऱ्या हाताने किल्ली तोंडात टाकली. पितळ, तेल, दुसऱ्या कुणाच्या तरी घामाचा खारटपणा. दात आवळून ती उभी राहिली, डोळ्यांतून पाणी, फोरमन शिव्या देतोय, पाहुणे दारात. मग टाकीमागून भावोजी बाहेर आले, केसांना जळमटं, आणि म्हणाले, ‘काय झालं?’ तिने किल्ली काढली, बाहीला पुसली, त्यांना दिली. तिला तीन दिवस घरी बसवलं, उद्धटपणाबद्दल, बिनपगारी. भावोजींनी घरी एक अक्षर सांगितलं नाही, कारण बहिणीला तेव्हा सातवा लागला होता आणि तिला धक्का नको होता. धक्का न बसताही ती आठवड्याभरात बाळंत झालीच. हिने त्या चपलेएवढ्या जिवाला हातात घेतलं तेव्हा हिच्या तोंडात अजून पितळेची चव होती. बापाचं तोंड त्याला दिसलं ते तिच्या दातांमुळे, हे त्याला कुणी कधी सांगितलं नाही. भावोजी पुढे म्हातारे होऊन साध्या आजाराने गेले, अंथरुणात, जसं माणसाने जावं.

जेवणाच्या सुट्टीत वाइंडिंगवाली शेजारी येऊन बसली. पंचवीस वर्षं तार गुंडाळणारी बाई, जिभेला हाड नाही. हिचं तोंड बघून म्हणाली, ‘कोण मेलं?’

‘कुणी नाही. तुला कधी फोन आला होता का गं? पासवर्ड विचारायला?’

‘आला होता की! मागच्या महिन्यात. कुणीतरी गोड बोलणारा. म्हणे हेड ऑफिसातून बोलतोय, तुमच्या मशीनचा पासवर्ड सांगा. म्हटलं, बाबा रे, मी माझ्या नवऱ्याला खरा पगार सांगत नाही, तुला पासवर्ड कुठला सांगू? ठेवला फोन.’

तिचा घास हातातच राहिला. ‘आणखी कुणाला?’

‘स्टोअरवाल्याला. त्याने तर त्याला अर्धा तास धरून ठेवलं, स्वतःच्या बदलीची तक्रार सांगत बसला. शेवटी त्या बिचाऱ्यानेच फोन ठेवला. आणि पेंटच्या मुकादमाला. मुकादमाने काय सांगितलं ते मी जेवताना सांगू शकत नाही.’ आणि ती स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसली.

तीन फोन. तिने टेबलाशी परत येऊन सतरावं पान पुन्हा वाचलं, मग अठरावं. ‘विद्युत कंपनी : प्रयत्न एक, यशस्वी एक.’ तीन फोन गळले होते. त्याच पानावर खाली : ‘इलेक्ट्रॉनिक्स कंपनी : प्रयत्न एक, अयशस्वी. कर्मचारी मुलीने पूर्ण नाव, कंपनी व काम असे तीन प्रश्न विचारले आणि आपण ठेवा, मी कार्यालयाच्या क्रमांकावर परत फोन करते, असे सांगितले. आदर्श प्रतिसाद.’ शाब्बास पोरी, तिला खरंच वाटलं. त्या पोरीबद्दल तिच्या मनात काही नव्हतं. पण त्या पोरीला तिच्या घरच्या माणसाने फोन केला नव्हता. आणि एकविसाव्या पानावर, बारीक अक्षरांत, कुणी वाचणार नाही अशा ठिकाणी : पलीकडची सोल्डरिंगची यंत्रं विकणारे परदेशात बसून त्या यंत्रांत केव्हाही शिरू शकतात, दुरुस्तीसाठी, त्यांना दार कायम उघडं. बत्तीस पानांत ही एक ओळ. आमच्याकडे चूक झाली तर माणूस जळतो, वास येतो, गावाला कळतं. तिकडे चूक झाली तर ती बोर्डात बसून लाख घरांत जाईल आणि कुणाच्या नाकाला धूरसुद्धा लागणार नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण ज्याला शिकवलं होतं त्याने ते बारीक अक्षरांत का टाकलं? अहवाल मालकाकडे द्यायची तारीख उद्याची होती. लोहारशाळेत एक तरी दार उघडं सापडायला हवं होतं, आणि त्याला एक दार लहानपणापासून माहीत होतं.

तीनला पाच कमी असताना ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. भाचा आधीच बसला होता, इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप, उठून उभा राहिला नाही. म्हणाला, ‘या मॅडम.’

तिने मागे वळून पाहिलं. खरोखरच पाहिलं, कुणी मॅडम मागून आत येतेय का म्हणून.

साहेब घाईत होते. ‘बाई, फॉर्मॅलिटी आहे नुसती. इथे सही करा, घटना मान्य आहे म्हणून. तुमच्यावर काही कारवाई नाही, माझा शब्द.’

‘मान्य आहे,’ ती म्हणाली. ‘पासवर्ड मी सांगितला. ते राहू दे तसंच, कमकुवत आहे तेही राहू दे. पण आधीचे तीन फोन लिहा. वाइंडिंग, स्टोअर, पेंट. तिघांनी हाकलून दिलं ते लिहा. आणि चौथा फोन कुणी केला तेही लिहा.’

साहेबांनी भाच्याकडे पाहिलं. भाच्याने स्क्रीनकडे पाहिलं. ‘मॅडम, यात वैयक्तिक काही नाहीये. चाचणी कोणी केली हे महत्त्वाचं नसतं.’

‘कोण मॅडम? माझा गुडघा कसा आहे, विचार ना. त्या दिवशी विचारलास.’

‘बाई, तुम्ही ओळखता यांना?’ साहेब.

‘नाही हो. अनोळखी आहेत ते. यांच्याच अहवालात लिहिलंय.’

भाच्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी खोटं सापडलं की आधी कान लाल होत, मग रडू येई. या वेळी रडू आलं नाही, आवाज चढला. ‘मावशी, तुला कळत नाहीये. चोर असंच करतात. नात्याचा फायदा घेतात. आपलं माणूस बनूनच येतात. हीच तर चाचणी आहे!’

‘बनून येतात,’ ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की साहेब पुढे वाकले. ‘तू बनून आला नव्हतास. तू होतास.’

तिने साहेबांचं पेन घेतलं आणि सहीच्या जागी सही न करता समासात, उभ्या अक्षरांत, जसे चाळीस वर्षं चाचणीचे आकडे लिहीत आली तसं लिहिलं : प्रयत्न चार. तीन अयशस्वी. चौथा सख्ख्या भाच्याने मावशीस स्वतःच्या आवाजात केला. पासवर्ड मावशीने सांगितला, चूक मावशीची. पलीकडे हाच प्रयत्न कुणाच्या भाच्याने केलेला नाही. एकविसाव्या पानावरील ओळ मोठ्या अक्षरांत घ्यावी. मग खाली सही केली, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढून. साहेबांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, ‘हे असं मालकांकडे नाही जाऊ शकत.’ आणि भाच्याला, ‘तुम्ही तुमच्या वरिष्ठांना फोन लावा. आता. इथून.’ त्याने लावला. ती उठली. दाराशी तिला ऐकू आलं, तो कुणाला तरी सर, सर म्हणत होता, आणि तो आवाज नववीतला होता. तिचा हात दाराच्या मुठीवर क्षणभर थांबला. मग तिने दार ओढून घेतलं. खोलीत जाऊन चाचणीची हाक दिली, पिंजऱ्यात जाणाऱ्या पोरीची किल्ली धरली, आणि ती बाहेर येऊन समोर उभी राहीपर्यंत जागची हलली नाही. खोली राहील की जाईल हे आता पुन्हा मोजून ठरणार होतं. मोजू देत. काटा सरळ धरून मोजा म्हणावं.

संध्याकाळी ती घरी चहाचं आधण ठेवत होती तेव्हा फोन वाजला.

‘मावशी, मी बोलतोय.’

‘मी कोण?’

‘मावशी, काय हे. मी.’

‘पूर्ण नाव सांगा. कुठल्या कंपनीतून बोलता ते सांगा. आणि काम सांगा.’

अठरावं पान त्यानेच लिहिलं होतं. त्याला कळायला वेळ लागला नाही. तो हसेल असं तिला वाटलं, तो हसला असता तर तिने फोन भिंतीवर आपटला असता. तो हसला नाही. त्याने नाव सांगितलं, पूर्ण, सावकाश. आपलं, मग बापाचं, मग आडनाव. मधलं नाव तिने कित्येक वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. भावोजी घरात नुसते भावोजी होते. तिच्या जिभेवर पितळ आलं, तेल, खारट.

‘कंपनी?’

‘आजपासून नाही सांगता येणार बहुतेक. त्या कामावरून काढलंय मला. पुढचं सोमवारी कळेल.’

‘काम?’

‘काम... काही नाही. तू काही खाल्लंस का ते विचारायचं होतं.’

आधण उकळून पातेल्याच्या काठाला लागलं होतं. तिने गॅस बंद केला. त्याला सांगावं असं तिच्या मनात आलं, त्या किल्लीचं, दातांचं, त्याच्या बापाच्या केसांतल्या जळमटांचं. आता सांगितलं तर तो रडेल, आणि मग ती विरघळेल, आणि सगळं पुन्हा होतं तसं होईल, चाळीस सेकंदांत. राग अजून ताजा होता, आणि तो तिचा होता, कमावलेला.

‘तुम्ही फोन ठेवा,’ ती म्हणाली. ‘मी परत करते.’

त्याने ठेवला. त्याचा नंबर तेवढा एकच तिला पाठ होता. तिने फोन टेबलावर ठेवला, समोर खुर्ची ओढून बसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिली. चाळीस सेकंद झाले. मग आणखी चाळीस. तो तिकडे फोन हातात धरून बसला असणार, जागचा न हलता. बसू दे. कुणीतरी आत आहे, आणि ते बाहेर येईपर्यंत धरून बसायचं असतं, हे त्यालाही एकदा कळू दे.